पट्टा दांडीवरून वळला का? स्कायडायव्हिंगचा हार्नेस अंगावर चढवताना

१९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका अनुभवी स्कायडायव्हरनं विमानातून उडी घेतली. शेकडो उड्या त्याच्या खात्यावर होत्या. त्या दिवशी त्याचं काम होतं एका विद्यार्थ्याची आणि प्रशिक्षकाची उडी व्हिडिओवर टिपायचं. ती त्यानं टिपलीही. मग पॅराशूट उघडायची वेळ आली आणि पाठीवर पॅराशूटच नव्हतं. तेव्हाचं व्हिडिओचं सामान अवजड असे, ते अंगावर बांधलेलं होतं. त्या वजनामुळे पॅराशूट घातल्याचा भास झाला असावा, असा तर्क नंतर मांडला गेला.

नव्या माणसाला घाबरवायला मी ही गोष्ट सांगत नाही. नवख्याकडे दोन-तीन प्रशिक्षकांचं लक्ष असतं, त्याचा पट्टा चुकला तर कोणीतरी ओरडतंच. माझ्या पाहण्यात घोळ होतो तो पुढे, पन्नास-शंभर उड्या झाल्यावर. हात आपोआप चालायला लागतात आणि तोंड गप्पांत असतं. मी दक्षिण कॅलिफोर्नियात शिकलो आणि माझाही घोळ असाच झाला. त्याबद्दल चेस्ट स्ट्रॅपपाशी, म्हणजे छातीच्या पट्ट्यापाशी, आलो की सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख वाचून कोणी एकट्यानं रिग, म्हणजे पॅराशूटचा सगळा संच, अंगावर चढवायची नाही. तुमच्या प्रशिक्षकानं तुमच्या रिगवर जी पद्धत शिकवली तीच खरी. इथे लिहिलंय ते त्या पद्धतीमागचं कारण कळावं म्हणून.

उडीआधी कपडे बघा

हार्नेस म्हणजे नायलॉनच्या जाड पट्ट्यांचा सांगाडा आणि कंटेनर म्हणजे पाठीवरची पिशवी. दोन्ही एकत्र शिवलेले असतात, त्या सगळ्याला रिग म्हणतात. आत दोन पॅराशूट असतात, खालच्या कप्प्यात नेहमीचं, म्हणजे मेन, आणि वरच्यात अडचणीसाठी राखीव, म्हणजे रिझर्व्ह. हे सगळं अंगावर येण्याआधी अंगावर काय आहे ते बघायचं. गळ्यातली साखळी, ओळखपत्राची दोरी, हुडीच्या टोपीच्या नाड्या, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढून ठेवा. हुक असलेले ट्रेकिंगचे बूट नकोत, दोऱ्या त्यात अडकतात. मोठ्या घेराचा शर्ट आत खोचा, कारण मेन उघडायचं हँडल कंटेनरच्या तळाशी उजव्या बाजूला असतं आणि वाऱ्यानं फुगलेला शर्ट नेमका त्यावर येऊन बसतो.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये पट्टायाजवळ नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा फोटो बघून बहुतेकांना साडीचं कौतुक वाटलं. मला आधी लेग स्ट्रॅप आठवले. नऊवारीला काष्टा असतो म्हणून मांड्यांचे पट्टे नीट बसू शकतात, सहावारीत ते जमलंच नसतं. पदराचं आणि निऱ्यांचं एकही टोक हँडलपाशी फडफडणार नाही याची तजवीज हा तर वेगळाच अभ्यास. आपल्याला इतकं अवघड काही करायचं नाही. जंपसूट घाला, चेन गळ्यापर्यंत ओढा, मनगटावरचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, जमिनीवर शून्यावर आहे ना ते बघा आणि मगच रिगकडे वळा.

रिग टेबलावर असतानाच

पाठ स्वतःला दिसत नाही. म्हणून पाठीकडची तपासणी रिग अंगावर चढण्याआधी, टेबलावर किंवा स्वच्छ सतरंजीवर करायची. वरून खाली जायचं, दरवेळी त्याच क्रमानं.

सर्वात वर एएडी. ठरावीक उंचीच्या खालीही माणूस फार वेगानं पडत असेल तर हे छोटं यंत्र रिझर्व्ह आपोआप उघडतं. १९९१ साली जर्मनीहून आलेल्या सिप्रेस नावाच्या एएडीनं ते घराघरांत, म्हणजे रिगारिगांत, पोचवलं. अनुभवी जंपरांच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये ते साधारण २२५ मीटरवर काम करतं. ही उंची यंत्र मोजतं ती चालू केलं त्या जागेपासून. समजा, कोणी मुंबईत ते चालू केलं आणि गाडीनं लोणावळ्याला जाऊन तिथे उडी मारली. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. यंत्राला मुंबईची जमीन ठाऊक, त्याचे २२५ मीटर लोणावळ्याच्या जमिनीच्या पोटात. म्हणून ज्या मैदानावरून उडायचं आणि जिथे उतरायचं तिथेच ते चालू करायचं, आणि गाडीनं बाहेर जाऊन आलात तर बंद करून पुन्हा चालू करायचं. पडद्यावर काय दिसायला हवं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघून पाठ करा.

त्याखाली झाकणाआड रिझर्व्हची, कप्पा बंद ठेवणारी पिन. ती दोरीच्या लूपमधून पूर्ण आत गेलेली असावी, वाकलेली नसावी. तिच्यावर रिगरनं, म्हणजे रिझर्व्हची घडी घालणाऱ्या परवानाधारक माणसानं, बांधलेला लाल दोरा आणि शिशाचं सील असतं. ते तुटलेलं असेल तर ती रिग घेऊन उडायचं नाही, चर्चा नाही. शेजारच्या खिशात कार्ड असतं, त्यावर रिझर्व्ह शेवटचं कधी घडी केलं त्याची तारीख आणि रिगरची सही. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे, २००८ पर्यंत १२० दिवसांची होती. भाड्याची रिग घेताना मी हे कार्ड बाहेर काढून वाचतो. काउंटरवरच्या माणसाला वाटतं मी त्याच्यावर संशय घेतोय. घेतोच.

मग मेनची पिन. तीही पूर्ण आत, आणि लूप इतका घट्ट की पिन बोटानं सहज फिरू नये. लूप कापसासारखा पिंजलेला दिसला तर बदलून घ्या. पिनेपासून निघालेली ब्रायडल नावाची पट्टी झाकणांखाली नीट दाबलेली आणि वाटेत कुठे गुंतलेली नसावी. शेवटी तळाच्या खिशात पायलट शूट, म्हणजे आधी हवेत फुगून ब्रायडलनं मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, त्याचं हँडल तेवढं बाहेर. बहुतेक रिगांवर ब्रायडलला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून ठरलेला रंग दिसला तर पायलट शूट घडी घालताना 'कॉक' केलेलं, म्हणजे फुगायला तयार, आहे. रंग नाही दिसला तर पायलट शूट बाहेर पडूनही नीट फुगणार नाही.

आता रिग उलटी करा. खांद्यांपाशी दोन्ही बाजूंना तीन-तीन कड्या. ही रचना बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढली आणि आज जवळजवळ प्रत्येक रिगवर तीच आहे. मोठी कडी हार्नेसला पक्की. मधली तिच्यातून जाऊन वर दुमडते, छोटी मधलीतून जाऊन दुमडते, छोटीवरून पांढरा दोर वळतो, आणि त्या दोरातून पिवळी केबल. प्रत्येक कडी तरफेसारखं काम करते. त्यामुळे खाली माणसाचं पूर्ण वजन लटकत असलं तरी पांढऱ्या दोरावर त्याचा अगदी थोडा भाग येतो आणि हातानं केबल ओढून बिघडलेलं मेन सोडून देता येतं. बघायचं काय? प्रत्येक कडी फक्त आपल्या खालच्या एकाच कडीतून गेलेली हवी, पांढरा दोर फक्त छोटीतून, केबल दोरातून. उजव्या-डाव्या बाजू एकमेकींचा आरसा दिसल्या पाहिजेत. आरएसएल असेल, म्हणजे मेन सोडल्याबरोबर रिझर्व्ह उघडायला मदत करणारा पट्टा, तर त्याची क्लिप राइजरच्या, म्हणजे मेनच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्याच्या, कडीला लागलेली आहे ना, तेही बघा.

हे सगळं सवयीनं दीड-दोन मिनिटांत होतं.

अंगावर चढवताना

सगळे पट्टे आधी पूर्ण सैल करा. कोणीतरी वापरून ठेवलेली रिग तशीच घट्ट ओढून घातली की पट्टा पिळतो आणि तो पीळ जंपसूटखाली दिसत नाही. उचलताना खांद्याच्या पट्ट्यांना धरा. हँडलला धरून रिग उचलणारे लोक आहेत. दोनदा मी बघितलंय, एकदा त्या नादात रिझर्व्ह टेबलावर पसरलं आणि त्या माणसाला रिगरचे पैसे भरावे लागले. विमानात झालं असतं तर नुसत्या पैशांवर भागलं नसतं.

लेग स्ट्रॅप ओवायचे असतील, म्हणजे हुक नसतील, तर पँट घालतो तसे पाय आधी त्यातून घालून मग रिग खांद्यावर घेतात. हुकवाल्या रिगमध्ये आधी खांदे, मग पाय. दोन्ही ठीक. खांद्यावर आली की जॅकेट झटकून बसवतो तसं थोडं हलून ती मानेखाली नीट बसवा.

छातीचा पट्टा

आता माझी गोष्ट. माझी साठावी की बासष्टावी उडी होती. बेल्ट लावतालावता एक मित्र काल रात्रीच्या क्रिकेटबद्दल बोलायला लागला. मी पट्टा बक्कलमधून ओढला, टोक इलॅस्टिकमध्ये खोचलं आणि गप्पा मारत विमानाकडे निघालो. रांगेत पुढे नागपूरचे एक काका होते. पासष्टीचे, निवृत्त इंजिनियर, उड्या माझ्या दहापट. सहज मागे वळले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अबे, पट्टा बघ तुझा."

"लावलाय ना काका."

"लावला नाही, अडकवला. ओढ जरा."

दोन्ही हातांनी हार्नेसच्या दोन बाजू धरून बाहेर ओढल्या आणि पट्टा सुळकन सुटला.

छातीच्या बक्कलला एक चौकट असते आणि तिच्यात एक दांडी, बऱ्याच रिगांत ती सरकती. पट्टा खालून वर येतो, दांडीवरून वळसा घेतो आणि पुन्हा खाली जाऊन स्वतःवरच परत येतो. ओढ लागली की दांडी पट्टा चौकटीवर चिमटते. तो दांडीवरून न वळता नुसत्या चौकटीतून गेला, तरी लांबून सगळं जागेवर दिसतं. टोकही इलॅस्टिकमध्ये छान बसतं. पॅराशूट उघडताना शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट जोर येतो, तेव्हा तो पट्टा निघून जातो. माणूस लगेच पडेलच असं नाही, पण खांद्यांतून हार्नेस उघडायला लागतो, आणि त्या वेळी हातांनी स्वतःलाच धरून ठेवायचं की पॅराशूट चालवायचं हा प्रश्न उरतो.

म्हणून तीन गोष्टी. डोळ्यांनी बघा की दांडी पट्ट्यानं झाकलेली आहे. हातांनी दोन्ही बाजू धरून जोरानं बाहेर ओढा, सरकायला नको. आणि पट्टा रिझर्व्हच्या हँडलवरून किंवा गॉगलच्या दोरीखालून गेलेला नाही हे तपासा. छातीचा पट्टा आवळून श्वास कोंडायचा नसतो, तो दोन बाजू एकत्र धरायला आहे. भार खरा मांड्यांवर येतो.

दुसरी सवय मी काकांकडून उचलली. पट्टा लावताना कोणी बोलायला लागलं, हाक मारली, फोन वाजला, तर हातातला पट्टा पूर्ण सोडायचा आणि सुरुवातीपासून लावायचा. "अर्धा झालाय, राहिलेला करतो" असं नाही. अर्ध्यावर सोडलेलं काम डोक्यात पूर्ण झालेलं असतं. त्यांचा नियम मी आता दोन मुलींना शिकवतो, त्या मला हसतात, पण पट्टा सोडतात.

मांड्यांचे पट्टे

दोन्ही पट्टे मांड्यांच्या वरच्या टोकाला, जांघेत बसवा. मागच्या बाजूला ते नितंबांच्या खालच्या वळणाला यायला हवेत. पॅड सपाट, पीळ नाही. बोट पट्ट्याखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, पीळ असेल तर बोटाला लगेच कळतो. हुक असेल तर तो मिटल्याचा आवाज ऐका आणि वर ओढून बघा. ओवायचा पट्टा असेल तर छातीच्या पट्ट्यासारखीच दांडीची परीक्षा. उरलेलं टोक इलॅस्टिकमध्ये खोचा, वाऱ्यात फडफडून मांडीवर वळ उठतात.

शेवटचं घट्ट करणं ताठ उभं राहून करा. वाकून घट्ट केलेला पट्टा उभं राहिल्यावर सैल पडतो. किती घट्ट? विमानात बसताना थोडा त्रास व्हायला हवा, पाय मुंग्यांनी झोपायला नको. सैल ठेवलेल्या पट्ट्याचा त्रास पॅराशूट उघडताना कळतो. हार्नेस वर सरकतो, छातीचा पट्टा हनुवटीशी येतो आणि सोबत हँडलही वर जातात. हजार वेळा सराव केलेल्या जागी हात जातो आणि तिथे काही नसतं. दोन्ही पाय सारखे आवळा, एक जास्त असेल तर लटकताना शरीर एका बाजूला झुकतं आणि पॅराशूट आपोआप त्या बाजूला वळत राहतं. बसून किंवा उभं उडायचा सराव करणारे दोन लेग स्ट्रॅपमध्ये मागून एक लवचिक दोर लावतात, म्हणजे पट्टे गुडघ्यांकडे घसरत नाहीत.

लेग स्ट्रॅप लावायचाच राहिला, असंही होतं. विमानात बसायला सोपं जावं म्हणून कोणी ते मुद्दाम सैल किंवा सुटे ठेवतं आणि वर गेल्यावर विसरतं. छातीचा पट्टा विसरलेला माणूस कदाचित तगेल, मांड्यांचे दोन्ही विसरलेला जवळजवळ नाहीच. म्हणून आरामासाठी सुटे ठेवायचे नाहीत.

हँडलना हात

आता उभं राहून, बघत, हात लावत. उजव्या बाजूला मेन सोडायचं हँडल, बहुधा लाल मऊ उशी. डाव्या बाजूला रिझर्व्हचं, धातूचं किंवा उशीसारखं. तळाशी उजवीकडे मेन उघडायचं. तिन्ही जागेवर, वेल्क्रो पूर्ण बसलेला. नंतर न बघता फक्त हात लावून तीनदा पाहा. काही ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानांवर, नव्यांना ही तपासणी तीन तिनांच्या नावानं शिकवतात. तीन कड्या, तीन पट्टे, तीन हँडल. मराठीत म्हणायलाही सोपं आहे, मी पुटपुटत करतो.

मग पाठीकडची तपासणी दुसऱ्याकडून. टेबलावर केली होती, पण त्यानंतर रिग कारमध्ये, बाकावर, भिंतीला टेकून हलली असते. "पिन चेक देता का?" एवढं म्हणून पाठ वळवायची. उगाच संकोच नको. तिथे काकाच काय, हजार उड्यांचा माणूसही विशीतल्या पोराकडून पिन चेक करून घेतो. बघणाऱ्यानं तोंडानं बोलत बघावं: एएडी चालू, रिझर्व्हची पिन, मेनची पिन, ब्रायडल, पायलट शूट. "हो हो, छान आहे" असं न बघताच म्हणणारा माणूस आढळला तर दुसऱ्याला विचारा.

विमानात

उड्डाणाच्या वेळी विमानाचा सीटबेल्ट हार्नेसच्या पट्ट्यातून ओवून लावायचा. हजार-दीड हजार फुटांवर तो निघतो. मग अंग हलवताना, दाराकडे सरकताना पाठ घासते, कोणाच्या बुटात तुमचं हँडल येतं. दाराजवळ सुटलेलं पॅराशूट विमानाच्या शेपटीला जाऊन अडकू शकतं, म्हणजे हा तुमच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. उडीच्या साधारण तेरा हजार फूट उंचीवर पोचायच्या आधी, दहा हजार फुटांच्या आसपास, तिसऱ्यांदा तीन कड्या, तीन पट्टे, तीन हँडल. शेजाऱ्याकडून पिन. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा. बस. दार उघडल्यावर तपासत बसू नका, तेव्हा लक्ष बाहेर हवं.

टँडेमवाल्यांसाठी थोडं

बहुतेक मराठी वाचक पहिल्यांदा दुसऱ्याच्या पोटाला बांधूनच उडतील, मग ते दुबईत असो की न्यूझीलंडमध्ये. तुमच्या हार्नेसमध्ये पॅराशूट नसतं, ते प्रशिक्षकाच्या पाठीवर. तुम्ही त्याला चार जागी जोडले जाता, दोन खांद्यांपाशी, दोन कमरेपाशी. कॅलिफोर्नियातल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींचा व्हिडिओ २०१२ मध्ये जगभर फिरला होता. दारात त्या कचरल्या आणि हवेत गेल्यावर हार्नेसमधून खांदे निसटून लोंबकळल्या. सुखरूप उतरल्या. बारीक चणीच्या, लवचिक किंवा वयस्कर व्यक्तींसाठी मांड्यांचे पट्टे मागून कमरेला जोडणारा वाय आकाराचा पट्टा असतो, तो लावलाय का हे विचारा. जमिनीवर पट्टे जाचत असतील तर सैल करायला सांगू नका, नीट बसवायला सांगा. आणि चारही जोडण्या झाल्याचं प्रशिक्षकाकडून तोंडानं ऐका. चांगला प्रशिक्षक न विचारताच सांगतो.

उतरल्यावर

पॅराशूट गोळा करून परतल्यावर आधी छातीचा पट्टा, मग मांड्यांचे, आणि सगळे पूर्ण सैल करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी पीळ राहणार नाही. हँडलवर रिग टेकवू नका. उन्हात वाळत घातल्यासारखी तर अजिबात नको, नायलॉनला ऊन लागतं आणि त्याची ताकद बाहेरून दिसणार नाही अशी कमी होत जाते. माझी रिग घरात कपाटाच्या तळाशी कापडी पिशवीत असते. बायकोच्या शालूच्या वरच्या कप्प्यात जागा मागितली होती, मिळाली नाही.